मामांचं मागचं पाऊल

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. सोसायटीच्या मीटिंगला मी आले की आमचा सेक्रेटरी आधी पाणी पिऊन घेतो. तेव्हा पुढे मी कुणाकुणावर आवाज चढवला ते ऐकून नवल वाटून घेऊ नका. सांगायचंय ते माझं नाही, माझ्या सासऱ्यांचं. आमच्या साताऱ्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. नाव शहाजी, वय एकाहत्तर. चौतीस वर्षं त्यांनी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गोण्या वाहिल्या. तेव्हा एकेक गोणी शंभर किलोची असायची. ट्रकपासून गाळ्यापर्यंत हातभर रुंदीची फळी टाकलेली, आणि हे त्या फळीवरून पाठीवर गोणी घेऊन चालायचे. एकदाही पडले नाहीत. हे ते स्वतः सांगत नाहीत, त्यांच्या टोळीतले गोटीरामकाका दर दिवाळीला फराळाला येऊन सांगतात.

असा माणूस रिटायर झाल्यावर घरात पडायला लागला.

आमचं घर जुईनगरला, तिसऱ्या मजल्यावर. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी श्रुती पुण्याला हॉस्टेलवर असते. राहिलो आम्ही तिघं. मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये, माझा नवरा शिवतेज महाप्याला शिफ्ट ड्युटीवर, आणि मामा घरी. मागच्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात मामा पहिल्यांदा पडले. बेल वाजली म्हणून खुर्चीतून उठले, दाराकडे वळले आणि वळता वळता खाली. "पाय घसारला," म्हणाले. फरशी तर कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्यांदा पडले ते दिवाळीच्या तोंडावर, जिन्यात. हे उतरत होते, गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन वर येत होता. जन्मभर ओझेवाल्याला वाट देण्याची सवय. झटकन मागे सरले, मागे पायरी होती, टाच अडकली आणि सगळं अंग डाव्या हातावर आलं. मनगट मोडलं. डॉक्टर प्लास्टर घालताना म्हणाले, "हातावर निभावलं. पुढच्या वेळी खुबा गेला तर माणूस अंथरुणालाच लागतो." ते "पुढच्या वेळी" माझ्या डोक्यात जाऊन बसलं. ऑफिसात फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचे.

मग मी जे केलं ते आता सांगते. मी सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावायला लागले. शिवतेज म्हणाला, "अगं, बाबांना कोंडून ठेवणार?" मी म्हटलं, "मग तू बस घरी. नाहीतर लिफ्ट बसव." मामांना मी समोर बसवून सांगितलं, "मामा, आमच्यापैकी कुणी असल्याशिवाय जिना उतरायचा नाही. रागवू नका, पण माझ्या जिवाला घोर नको." मला वाटलं होतं चिडतील. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांचं ते "बरं" रोज दुपारी डबा उघडला की मला आठवायचं आणि डबा अर्धाच परत यायचा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कुलूप लावायचेच.

जानेवारीत एकदा आमची सिस्टीम बंद पडली आणि साडेतीनलाच सुटी झाली. मी घरी आले, कुलूप काढलं, आणि पाहते तर काय! मामा पॅसेजमध्ये कमरेत वाकून चाललेत आणि पाठीवर माझ्या ओढणीने बांधलेली गव्हाच्या पिठाची दहा किलोची पिशवी. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जायचं, अंग सगळं एकदम फिरवायचं आणि परत यायचं. प्लास्टर सुटून महिना झाला नव्हता.

"मामा! काय चाललंय हे? वेड लागलंय का तुम्हाला?" मी दारातूनच ओरडले.

ते दचकले, पण पडले नाहीत. भिंतीला टेकून हळूच पिशवी उतरवली आणि चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "आगं, वज्याबिगर पाय जमिनीला धरत न्हाईत," म्हणाले. "रिकामं चालाया लागलं की वाऱ्यावर गेल्यागत वाटतं. पाठीवर काय असलं की कसं, मानूस जाग्याव राहतो. म्हनलं, रोज थोडं थोडं वझं घिऊन बघावं. येईल ताकद परत."

"रोज? म्हणजे किती दिवस चाललंय हे?"

"प्लास्टर निघाल्यापासनं."

मी बॅग टाकली आणि तिथेच खाली बसले. राग इतका आला होता की तो कुणाचा आलाय तेच कळेना. घरात कोंडलेला माणूस बरं होण्यासाठी एकटा, कुणाला न सांगता, आपल्याला येतं तेवढंच करत होता. त्याला ओझं वाहणं येत होतं, तो ओझं वाहत होता.

आमच्या स्टेशनच्या बाजूला ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे. तिथे बुधवारी आणि शनिवारी क्षिप्रा नावाची फिजिओथेरपिस्ट येते, असं खालच्या मजल्यावरच्या उन्नतीने कधीतरी सांगितलं होतं. त्या शनिवारी मी मामांना हाताला धरून तिथे घेऊन गेले. क्षिप्रा म्हणजे जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी. तिने मामांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, एका पायावर उभं केलं. चार सेकंदांत मामांनी माझा दंड पकडला. मग मी पिठाच्या पिशवीची चाडी केली. वाटलं ही हसेल. ती हसली नाही.

"काका, दोन्ही वेळा तुम्ही पडलात ते नक्की काय करताना?" तिने विचारलं. मामांनी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एकदा वळताना आणि एकदा मागे सरताना. बरोबर आहे. चौतीस वर्षं तुम्ही एकाच तऱ्हेने चाललात. पाठीवर गोणी, मान खाली, पाऊल पुढे. गोणी घेऊन कुणी मागे चालत नाही, बाजूलाही जात नाही. ती पावलं तुमचे पाय विसरूनच गेलेत. पिशवी घेऊन तुम्ही जे येतं तेच पुन्हा घोटताय."

मला वाटलं आता ही गोळ्या लिहून देईल, निदान काठी तरी घ्यायला सांगेल. तर तिने विचारलं, "नाचता येतं का तुम्हाला?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिला हे विचारायला सांगितलं होतं.

पलीकडे सात-आठ बायका झिम्मा खेळत होत्या. साठीच्या, सत्तरीच्या, एक तर चांगली ऐंशीची. टाळी द्यायची, एक पाऊल बाजूला, एक मागे, गिरकी, परत टाळी. क्षिप्रा म्हणाली, "नुसता व्यायाम सांगितला तर दहा दिवसांत सोडून देतात. खेळात मात्र माणूस न सांगता वाकतो, वळतो, मागे येतो. वजन या पायावरून त्या पायावर जातं. पडण्यापासून वाचायचं तर शरीराला हीच सवय लागते."

"मी काय बायकांत झिम्मा खेळू?" मामा उठलेच.

तेव्हा मी मधे तोंड घातलं. "लेझीम येते त्यांना. गावच्या यात्रेत पहिल्या रांगेत असायचे. सासूबाई सांगायच्या."

"ते यात्रेतलं," मामा तोडून बोलले. "देवाम्होरं खेळायची ती. हितं दवाखान्यात न्हाई." आणि चपला घालायला गेले.

पुढच्या शनिवारी मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. क्षिप्राने कुठल्याशा शाळेतून दोन लेझिमी आणल्या होत्या. एक हातात घेऊन ती हलवायला लागली. तिची साखळी कुठे आणि दांडा कुठे, नुसता खुळखुळाट. मामा खुर्चीत बसून मिनिटभर पाहत राहिले. त्यांचा जबडा आवळला, पाय हलायला लागला. शेवटी राहवेना. "आगं पोरी, तशी न्हवं! भांडी घासतीस का काय!" आणि उठले. खुर्चीच्या हाताला न धरता. तिच्या हातातून लेझीम घेतली, दांडा छातीसमोर आडवा धरला, एक हिसका दिला, आणि तो खणखणीत आवाज त्या खोलीत असा घुमला की झिम्म्याच्या बायका थांबल्या.

कोपऱ्यात दिनानाथकाका पेपर वाचत बसलेले असायचे. मूळचे कोकणातले, रिटायर्ड हेडक्लार्क, जगाला नावं ठेवणं हा त्यांचा फुल टाइम धंदा. ते म्हणाले, "आवाज काढाल हो शहाजीराव, पण हलगीशिवाय लेझीम म्हणजे मिठाशिवाय आमटी." मामा म्हणाले, "मग वाजवा की. पेपर काय पळून जातोय?" दिनानाथकाकांनी पेपर ठेवला, कॅरम बोर्ड उलटा करून मांडीवर घेतला आणि बोटांनी ठेका धरला. तरुणपणी गावाकडे ढोलकी वाजवायचे म्हणे. चार वर्षं त्या केंद्रात येत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

तिथून मामांचं लेझीम सुरू झालं. बुधवारी शिवतेज न्यायचा, शनिवारी मी. पुढे पाऊल, बाजूला पाऊल, गुडघे वाकवून लेझीम खाली, परत वर. हे सगळं त्यांना आठवड्याभरात आठवलं. घरीही सकाळी ओट्याशी उभे राहून करायचे, एक हात ओट्यावर, दुसऱ्या हातात क्षिप्राने दिलेली लेझीम. तिसऱ्या दिवशी उन्नती वर आली, "वहिनी, सकाळी साडेसहाला काय हा खणखणाट? आमचा नाइट शिफ्टवाला माणूस झोपतो हो." मी तिला दारातच सुनावलं, "तुमच्या मिक्सरने माझी रविवारची दुपार जाते ती चालते का?" आमचा आवाज वाढला तसे मामा मागून आले. लेझिमीच्या चकत्यांना त्यांनी जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. "आता न्हाई वाजायची, लेकी," ते उन्नतीला म्हणाले. तीही विरघळली आणि मीही.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. चार पावलं पुढे गेलं की चार पावलं मागे यायचं असतं. पुढे जाताना मामा राजासारखे जायचे आणि मागे यायची वेळ आली की खिळ्याने ठोकल्यासारखे उभे. ज्या माणसाने यात्रेत रात्र रात्र लेझीम खेळली त्याचा पाय मागे उचलेना. जिन्यातल्या त्या पायरीनंतर मागे म्हटलं की अंगच नाही म्हणायचं.

"मागं काय हाय ते दिसत न्हाई," ते क्षिप्राला म्हणाले.

"मागे मी आहे, काका." ती दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे उभी राहायची. महिनाभर ते एक पाऊल, मग दीड, मग दोन, असं चाललं.

मार्चमधल्या एका शनिवारी मला ऑफिसातून यायला उशीर झाला, म्हणून मामांना शिवतेजने नेऊन सोडलं होतं. केंद्राच्या दारात पाऊल टाकलं, तर काय! मामा जमिनीवर आडवे पडले होते. भोवती बायका उभ्या, आणि क्षिप्रा बाजूला उकिडवी बसलेली, हातही न लावता! मी जी किंचाळले! "लाज नाही वाटत? म्हातारा माणूस पडलाय आणि तुम्ही बघत बसलाय?" ती काहीतरी सांगत होती, मामाही हात वर करून थांब म्हणत होते. मी कुणाचं ऐकलं नाही. काखेत हात घालून त्यांना उठवलं, रिक्षात घातलं आणि घरी आणलं. "बास झालं आता. खेळ खल्लास. उद्यापासून नाही जायचं." मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी हॉलमध्ये भाजी निवडत बसले होते. मामा आले, चटई पसरली आणि माझ्यासमोर तिच्यावर सरळ आडवे झाले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस. हात लावायचा न्हाई."

मग ते सावकाश कुशीवर वळले. कोपरावर अंग तोललं. गुडघे पोटाशी घेतले, रांगत्या बाळासारखे हाता-गुडघ्यांवर आले, रांगत खुर्चीपाशी गेले, खुर्चीवर दोन्ही हात ठेवले, एक पाऊल पुढे रोवलं आणि उभे राहिले. दम लागला होता. कपाळावर घाम होता.

"मी काल पडलो न्हवतो," ते म्हणाले. "ती पोरगी उठायचं शिकवत हुती. मला जो तो सांगतोय, पडू नगा, पडू नगा. डॉक्टरबी तेच, तूबी तेच. पडलं तर उठायचं कसं, ते तिनं सांगितलं. घरात एकला असतो मी, उज्वला. कवातरी पडीनच की. मग तू येस्तवर तसाच पडून राहू?"

कोथिंबिरीची जुडी हातात तशीच राहिली. एवढे दिवस मी त्यांना पडण्यापासून वाचवत होते, आणि ते मात्र मी नसताना काय होईल याचा विचार करत होते. मी क्षिप्राला फोन केला आणि माफी मागितली. मी आयुष्यात ज्या तीन-चार लोकांची माफी मागितली असेल त्यात ती एक. ती म्हणाली, "ताई, बुधवारी पाठवा त्यांना, दिनानाथकाका सारखे विचारतायत." आणि मामांना मी म्हटलं, "मामा, ज्या दिवशी तुम्ही आमच्या हाताशिवाय जिना उतरून परत वर याल, त्या दिवसापासून कुलूप लावणं बंद." ते पुन्हा "बरं" म्हणाले, पण या वेळी हसले.

एप्रिलपर्यंत मामा चारही पावलं मागे यायला लागले. क्षिप्रा आता मागे उभी राहायची नाही, बाजूला बसून टाळ्या वाजवायची. एका पायावर बारा सेकंद. झिम्म्याच्या बायकाही लेझीम मागायला लागल्या आणि मामा त्यांच्यावर मुकादमासारखे ओरडायचे, "मान वर! पायाकडं काय बघताय, पाय कुठं जात न्हाईत!"

मग एका रविवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "आज जाऊन येतो." शिवतेज त्यांच्यामागे निघाला. मामा म्हणाले, "मागं मागं येऊ नगंस." तो माझ्याकडे बघायला लागला. मी मानेने नको म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला माहीत. दार उघडं ठेवून मी आत उभी राहिले आणि चपलांचा आवाज ऐकत राहिले. पहिला मजला उतरले. थांबले. कुणीतरी वर येत असावं, कारण मामांचा आवाज आला, "या, या, सावकाश," आणि मग पुन्हा चपला वाजायला लागल्या. माझा जीव टांगणीला. मग काहीच ऐकू येईना.

मी गॅलरीत धावले. मामा गेटमधून बाहेर पडत होते. रस्त्याच्या कडेला थांबले, दोन्हीकडे पाहिलं, एक रिक्षा फारच जवळून गेली तसे दोन पावलं मागे आले, स्वच्छ, काही न धरता, आणि मग रस्ता ओलांडून गेले. मी तोंडावर हात दाबून धरला होता. शिवतेज शेजारी उभा राहून डोळे पुसत होता, आणि मला म्हणत होता की धूळ फार आहे आज.

पाऊण तासाने ते वर आले. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दम खात, रेलिंग धरून. येऊन खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मी माझ्या पर्समधून सेफ्टी डोअरची किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "घ्या मामा. आजपासून ही तुमची."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठून आत गेले आणि कपाटातल्या सदऱ्यांच्या घडीखालून काहीतरी घेऊन आले. तशीच किल्ली होती. दार बसवलं तेव्हा आतून-बाहेरून दोन्हीकडून लागणाऱ्या तीन किल्ल्या मिळाल्या होत्या. तिसरी हरवली म्हणून मी शिवतेजला केव्हाची बोल लावत होते.

"ही तुमच्याकडे होती? पहिल्यापासून?"

"व्हय."

"म्हणजे मी गेले की तुम्ही बाहेर जायचात?"

"एकदाबी न्हाई."

माझा पारा चढला. पाच महिने! पाच महिने रोज मी स्वतःला शिव्या घालत होते, अर्धा डबा परत आणत होते, आणि हा माणूस किल्ली कपाटात ठेवून बसला होता! "मग सांगायचं नाही? एका शब्दाने बोलायचं नाही?"

मामा खुर्चीत बसले. हातातली किल्ली त्यांनी माझ्या किल्लीशेजारी ठेवली.

"तू कुलूप लावून गेलीस की मला बरं वाटायचं, उज्वला," ते म्हणाले. "गोटीरामाचा फोन यायचा, खाली ये, च्या घिऊ म्हनून. त्याला सांगाया निमित्त हुतं ना, सून जाऊ देत न्हाई म्हनून. न्हाईतर काय सांगनार? शहाजीला जिन्याचं भ्या वाटतंय?"

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि त्यांचा डावा हात, तोच मोडलेला, माझ्या दोन्ही हातांत घेतला. मला रडू आवरेना, मी आवरलंही नाही. "आणि आता?" मी विचारलं. "आता नाही वाटत भीती?"

"वाटती की," मामा म्हणाले. "आजबी वाटली. पर आज तुला सांगावंसं वाटलं."